सरखेल कान्होजी आंग्रे : लहान गलबतं आणि मोठी जहाजं



चौथीच्या परिसर अभ्यासात आपण शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतो. त्यात आरमाराचा भाग आला की शहापूर-मुरबाडच्या वर्गात एक अडचण हमखास येते. आपल्या मुलांनी डोंगर पाहिलेत, नदी पाहिली, धरण पाहिलं. समुद्र मात्र बऱ्याच जणांनी पाहिलेला नसतो. गुराब, गलबत, सुकाणू, डोलकाठी हे शब्द मुलं पाठ करतात, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. आणि जेव्हा ती पहिल्यांदा समुद्रावर जातात, तेव्हा बहुतेक वेळा शाळेच्या सहलीतच जातात. गेटवेवरून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये आपल्या भरवशावर बसलेली असतात. त्याच पाण्यातून शेजारून मोठमोठी मालवाहू जहाजं चाललेली असतात.

म्हणून आज कान्होजी आंग्रे यांचं चरित्र थोडं वेगळ्या बाजूने मांडते. त्यांनी किती लढाया जिंकल्या हे तर सांगायचंच. पण लहान होडीने मोठ्या जहाजासमोर कसं वागावं, हे त्यांच्याइतकं कोणी जाणलं नव्हतं. ते ज्ञान आजही उपयोगी आहे, फक्त वापर उलटा झालाय. कसा ते पुढे येईलच.

आपल्या तालुक्यातून समुद्राकडे

सुरुवात मुलांच्या ओळखीच्या ठिकाणापासून करा. नकाशा घ्या. शहापूरची भातसा नदी काळू नदीला मिळते. मुरबाडकडून येणारी काळू पुढे उल्हास नदीला मिळते, आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. म्हणजे आपल्या डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी कल्याणवरून दर्याला पोहोचतं. मुलांना बोटाने नकाशावर नदी गिरवायला लावा, समुद्र एकदम जवळचा वाटू लागतो.

आता मुरबाडचा नाणेघाट आठवा. सातवाहन काळापासून जुन्नरचा माल या घाटाने उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन त्यात टाकत असत, असं सांगितलं जातं. हा जकातीचा रांजण लक्षात ठेवा, कान्होजींची गोष्ट सांगताना त्याचा फार उपयोग होतो.

शहापूरच्या माहुली किल्ल्याचाही इथे संबंध आहे. १६३६ साली शहाजीराजे याच किल्ल्यावर वेढ्यात होते. पुढे १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत लढाऊ जहाजं बांधायला सुरुवात केली. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात ती ही. आपल्या शाळेपासून एक-दोन तासांच्या अंतरावर! हे ऐकलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात.

जन्म आणि बालपण

कान्होजींचा जन्म १६६९ सालचा. वडिलांचं नाव तुकोजी, आईचं नाव अंबाबाई. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून आंग्रे हे नाव पडलं. तुकोजी शिवरायांच्या आरमारात चाकरीला होते. हर्णै बंदरासमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग हे त्यांचं ठिकाण. कान्होजींचं लहानपण या किल्ल्याच्या परिसरात गेलं.

समुद्रातल्या किल्ल्यावर वाढणाऱ्या मुलाला काय काय शिकायला मिळालं असेल, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. भरती कधी, ओहोटी कधी. कुठे खडक पाण्याखाली लपलेला आहे. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो. आपण हे भूगोलाच्या पुस्तकातून शिकवतो. कोकणातल्या कोळी, भंडारी, गाबीत मुलांना हे चालता-बोलता कळतं. पुढे कान्होजींनी ज्यांच्या जोरावर आरमार चालवलं, ती माणसं हीच.

संभाजी महाराजांच्या वधानंतर स्वराज्यावर मोठं संकट आलं. मोगल फौजा कोकणात उतरल्या, जंजिऱ्याचा सिद्दी त्यांच्या बाजूने होता. सुवर्णदुर्गाला वेढा पडला. किल्लेदार शत्रूला सामील व्हायला निघाला तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला बाजूला करून किल्ला हातात घेतला आणि तो लढवून राखला, अशी हकीकत सांगितली जाते. त्यानंतर त्यांचं नाव वर चढत गेलं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १६९८ च्या सुमारास, ते मराठी आरमाराचे प्रमुख झाले. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य.

गुराब आणि गलबत

इथे थोडं थांबून जहाजांबद्दल बोलू या, कारण सगळी गंमत यातच आहे.

इंग्रज, पोर्तुगीज आणि डच यांची जहाजं महासागर पार करून येणारी. उंच, जड, खोल बुडणारी. दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा. वारा असेल तर जोरदार चालायची. वारा पडला की मात्र उभ्या जागी अडकायची.

कान्होजींकडे मुख्यतः दोन प्रकारची जहाजं होती. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, रुंद आणि उथळ तळाचं जहाज. त्याच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, तोफा असत. गलबत त्याहून लहान आणि हलकं, शिडावरही चालणारं आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवरही चालणारं.

लढाईची रीत अशी. वारा पडण्याची वाट पाहायची. मोठं जहाज जागेवर थांबलं की गलबतं वल्हवत पुढे यायची आणि गुराबांना दोराने ओढत आणायची. यायचं ते मोठ्या जहाजाच्या मागून, कारण तोफा कुशीला, पिछाडीला फारशा नाहीत. मागून गुराबांनी डोलकाठ्या आणि शिडांवर मारा करायचा, जहाज लंगडं झालं की गलबतांतल्या माणसांनी वर चढायचं. आणि डाव उलटला तर? उथळ पाण्यात किंवा खाडीत शिरायचं. मोठ्या जहाजाचा तळ खोल, ते मागे येऊच शकत नाही. आलं तर रुतणार.

मुलांना एकच प्रश्न विचारा: लहान होडी मोठ्या जहाजाला का भारी पडली? ताकद जास्त होती म्हणून नाही. मोठ्या जहाजाला काय जमत नाही, हे होडीवाल्याला नेमकं ठाऊक होतं म्हणून. त्याला पटकन थांबता येत नाही, पटकन वळता येत नाही, उथळ पाण्यात जाता येत नाही आणि सगळ्या बाजूंना सारखं पाहता येत नाही. या चार गोष्टी फळ्यावर लिहून ठेवा. शेवटी परत लागतील.

दस्तक : समुद्रावरची जकात

किनाऱ्यावर राज्य असलेल्याने त्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याकडून कर घ्यायचा आणि बदल्यात त्याला संरक्षण द्यायचं, ही रीत कान्होजींनी चालवली. कर भरला की परवाना मिळायचा, त्याला दस्तक म्हणत. दस्तक असलेल्या जहाजाला आंग्र्यांच्या गलबतांकडून त्रास नाही. नसेल तर जहाज अडवलं जायचं.

कान्होजींनी हे काही नव्याने काढलं नव्हतं. त्यांच्या आधी दीडशे-दोनशे वर्षं पोर्तुगीज या समुद्रावर आपले परवाने सक्तीने विकत होते. इंग्रजही आपले परवाने देत. पण कोकणच्या सरखेलाने तेच केलं तर इंग्रजांनी त्याला चाचा ठरवलं आणि दस्तक घ्यायला नकार दिला. भांडणाचं मूळ यात आहे.

इथे नाणेघाटचा रांजण पुन्हा काढा. घाटवाटेवर जकात घेणारा लुटारू नसतो, मग समुद्रवाटेवर जकात घेणारा लुटारू कसा? वर्गात यावर दोन गट करून चर्चा घेता येते. सातवी-आठवीची मुलं छान बोलतात. फक्त चर्चा खरीखुरी होऊ द्या, उत्तर आधीच हातात देऊ नका.

कारण दुसरी बाजूही सांगायला हवी. ४ नोव्हेंबर १७१२ ची घटना घ्या. मुंबईचा इंग्रज अध्यक्ष विल्यम एस्लाबी याची अल्जेरिन नावाची सशस्त्र यॉट कारवारकडे चालली होती. यॉट म्हटलं की आज आपल्याला मौजेची नौका आठवते. त्या काळी ती बड्या साहेबांची खासगी सवारी असायची, आणि हिच्यावर तोफाही होत्या. आंग्र्यांच्या आरमाराने तिला गाठलं. लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. पुढे फेब्रुवारी १७१३ मध्ये ३०,००० रुपये घेऊन तिला आणि यॉटला सोडण्यात आलं. आपल्या नायकाची गोष्ट सांगताना हा भाग गाळायचा मोह होतो. पण गाळू नये. समुद्रावर जोर चालेल त्याचं चालायचं असा तो काळ होता. सगळेच तसे वागत होते, आणि त्यात सापडलेली माणसं भोगत होती. मुलांना हे कळलं तरच आज समुद्रावर सगळ्यांसाठी एक कायदा का लागतो, हे समजेल.

पेशवाईशी समेट

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांत दोन बाजू पडल्या. कान्होजी महाराणी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, पण कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. मग हे काम बाळाजी विश्वनाथांकडे आलं. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे, कोकणची माणसं आणि कोकणचा समुद्र दोन्ही जाणणारे. त्यांनी लढाई न करता बोलणी केली. १७१४ मध्ये लोणावळ्याजवळ तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना मानलं, त्यांचं सरखेलपद कायम राहिलं आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले.

लढाईपेक्षा बोलणीने जास्त मिळतं, याचं हे उत्तम उदाहरण आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला जरूर वापरा.

चौघांविरुद्ध एकटा

यानंतरची पंधरा वर्षं कान्होजींच्या कर्तृत्वाचा कळस. अलिबागचा कुलाबा किल्ला ही त्यांची राजधानीच. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला तो बेट होतो. दक्षिणेला सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग, उत्तरेला मुंबईच्या तोंडाशी खांदेरी. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे आंग्रेकालीन गोदीच्या खुणा आजही पाहायला मिळतात. जहाज ओढून घ्यायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा पाण्यात सोडायचं, ही सगळी व्यवस्था तिथे होती.

खांदेरीचं महत्त्व मुलांना नकाशावरच दाखवा. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाला दक्षिणेकडून येताना या बेटाजवळून जावं लागतं. शिवरायांनी १६७९ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हाच इंग्रजांच्या पोटात गोळा आला होता.

१७१५ अखेर चार्ल्स बून मुंबईचा अध्यक्ष होऊन आला. आंग्र्यांना मोडायचंच असं ठरवून त्याने जहाजं बांधली, माणसं जमवली. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर चाल केली. त्यासाठी फ्रॅम नावाची तरंगती तोफगाडीच तयार केली होती. जाड फळ्यांचा, उथळ तळाचा, तोफांनी भरलेला प्रचंड तराफा म्हणा ना! तरीही विजयदुर्ग पडला नाही.

मग १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज राजाची युद्धनौका-पथकं घेऊन आला होता. जमिनीवरून आणि समुद्रावरून मिळून सुमारे सहा हजारांची फौज कुलाब्यावर चालून आली. कान्होजींच्या मदतीला बाजीराव पेशवे धावून आले. दोन्ही मित्रांत एकमेकांवर विश्वास नव्हता, हल्ला विस्कटला आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावून पाहिलं. तेही परत गेले.

इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी. चार आरमारं, आणि समोर कान्होजी. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं, तोपर्यंत यांपैकी कोणालाही त्यांना समुद्रावर नमवता आलं नाही. अलिबागमध्ये त्यांची समाधी आहे. सहलीला गेलात तर कुलाबा किल्ल्याआधी तिथे थांबा, मुलांना सगळी गोष्ट तिथेच आठवून सांगायला लावा.

त्यांच्यानंतर

कान्होजींच्या मागे त्यांच्या मुलांत फूट पडली. सेखोजी लवकर गेले, मग संभाजी आणि मानाजी यांच्यात वाटणीवरून तंटा झाला. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि विजयदुर्गात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. जे आरमार चार परक्या सत्तांना हरवता आलं नाही, ते घरच्या भांडणात गेलं. यावर वेगळं भाष्य करायची गरज पडत नाही, मुलं स्वतःच बोलतात.

आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव आहे. खांदेरी बेटाला कान्होजी आंग्रे द्वीप असं नाव दिलंय. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आणि त्याच खांदेरीवर १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे. ज्या बेटावरून कान्होजी मोठी जहाजं अडवत, त्याच बेटावरचा दिवा आज मोठ्या जहाजांना वाट दाखवतो.

आता उलटा धडा : आजची लहान नौका

आजचा मुंबईचा समुद्र पाहा. मुंबई बंदर आणि न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर, दोन्हींची जहाजं याच पाण्यातून ये-जा करतात. एकेक कंटेनर जहाज तीनशे मीटरहून लांब असतं. म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानासारखी कितीतरी मैदानं एकापुढे एक ठेवली तेवढं. त्याच पाण्यात मांडव्याच्या बोटी आहेत, घारापुरीच्या लाँच आहेत, कोळ्यांचे ट्रॉलर आणि होड्या आहेत, आणि हौसेने शिडाच्या नौका चालवणारेही आहेत. अपोलो बंदरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ पासूनचा आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून लहान शिडं पाण्यावर दिसू लागतात.

आता फळ्यावरच्या चार गोष्टी वाचा. मोठं जहाज पटकन थांबत नाही: पूर्ण वेगात असेल तर इंजिन उलटं फिरवूनही ते एक-दोन किलोमीटर पुढे जातं. पटकन वळत नाही. उथळ पाण्यात जात नाही: म्हणून गाळ काढून खोल केलेल्या वाटेतूनच त्याला जावं लागतं, बाजूला व्हायला जागाच नसते. आणि सगळीकडे त्याला दिसत नाही: सुकाणूची खोली मागे, पुढे कंटेनरचा डोंगर. नाळेसमोरचं पाचशे मीटरपर्यंतचं पाणी झाकलेलं असलं तरी ते आंतरराष्ट्रीय नियमात बसतं. त्या पट्ट्यात आलेली होडी वरच्या माणसाला दिसतच नाही.

कान्होजींच्या वेळी हीच चार कारणं होडीवाल्याचं हत्यार होती. आज हीच चार कारणं म्हणजे होडीवाल्याने दूर राहण्याची कारणं आहेत. ज्ञान तेच, वापर उलटा.

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले. आपल्या रस्त्याच्या नियमांसारखेच ते आहेत. त्यातले काही मुलांनाही समजतात:

१. डोळे-कान सतत उघडे. प्रत्येक नौकेवर कोणीतरी कायम पाहणारा हवाच.

२. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं.

३. दोन यांत्रिक नौका आडव्या आल्या तर जिच्या उजव्या हाताला दुसरी आहे, तिने वाट द्यायची.

४. मागून पुढे जाणाऱ्याने बाजूने जायची काळजी घ्यायची.

५. मोकळ्या पाण्यात इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची. पण अरुंद वाटेत हे चालत नाही. वीस मीटरपेक्षा लहान नौकेने किंवा शिडाच्या नौकेने, त्या वाटेबाहेर जाऊ न शकणाऱ्या मोठ्या जहाजाला अडवायचं नाही.

६. रात्री डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. समोरून दोन्ही दिसले तर जहाज आपल्याकडेच येतंय.

७. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरतंय. पाच किंवा जास्त भराभर भोंगे म्हणजे तू काय करतोयस ते मला कळत नाहीये, सांभाळ!

पाचवा नियम नीट समजून घ्या. हौसेने नौका चालवणारे अनेक जण शिडाला पहिला मान हे एवढंच ऐकून असतात. पण हक्क कितीही असला तरी जहाजाला थांबता येत नसेल, तर त्या हक्काचा उपयोग काय? घाटात उतारावरून भरलेला ट्रक येताना आपण सायकल मध्ये घालत नाही. माळशेजच्या रस्त्याने रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

मैदानावरचा खेळ

समुद्र नसला तरी शाळेचं मैदान आहे. दोन मुलांना एकमेकांना छेदणाऱ्या दोन चुन्याच्या रेघांवर चालायला लावा. एक मोठं जहाज, एक होडी. होडीवाल्या मुलाने सरळ चालत राहायचं आणि हात जहाजाकडे रोखून धरायचा. जहाज जवळ येत असताना हाताची दिशा बदलत गेली, तर टक्कर होणार नाही. जहाज मोठं मोठं दिसतंय, पण हात त्याच दिशेला आहे, तर टक्कर ठरलेली. खलाशी होकायंत्राने नेमकं हेच पाहतात. दोघांचा वेग कमी-जास्त करून पाच-सहा वेळा खेळ घ्या. परिसर अभ्यास, भूगोल आणि गणितातला कोन, तिन्ही एका तासात होतात.

नंतर चार मुलं एकामागे एक उभी करून "जहाज" बनवा. सगळ्यात मागचा तांडेल. त्याच्या समोर, अगदी जवळ, एक मूल खाली बसवा. तांडेलाला ते दिसतं का? दिसत नाही. मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

सहलीला जाताना

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहापेक्षा जास्त जीव गेले. एकात वादळी समुद्र होता, दुसऱ्यात टक्कर. दोन्हींत प्रवाशांचा काही दोष नव्हता.

समुद्र आपल्या हातात नाही, तयारी आहे. बोटीत चढायच्या आधी माणसांची मर्यादा लिहिलेली पाटी वाचा आणि डोकी मोजा. प्रत्येक मुलाच्या अंगावर लाईफ जॅकेट असल्याशिवाय बोट सोडू देऊ नका, अंगावर म्हणजे अंगावर, बाकाखाली नाही. लहान मुलाला लहान मापाचंच हवं. ते नसेल तर दुसरी बोट बघा. मोठं जहाज दिसलं की फोटोसाठी सगळी मुलं एका बाजूला धावतात, बोट कलते. बसूनच बघायचं, हे आदल्या दिवशी वर्गात सांगा. पालकहो, तुम्हीही सहलीच्या आधी शिक्षकांना लाईफ जॅकेटबद्दल विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट बोटवाल्याशी बोलताना आमचा जोर वाढतो. आणि आपल्या भातसा-तानसाच्या जलाशयात किंवा नदीच्या डोहात कोणी होडी, तराफा घेऊन उतरत असेल, तर हाच नियम तिथेही लागू. गोडं पाणी काही दयाळू नसतं.

मुलांना विचारा

१. गलबतं मोठ्या जहाजाच्या मागूनच का येत?
२. नाणेघाटची जकात आणि कान्होजींचं दस्तक यांत सारखेपणा कोणता? फरक कोणता?
३. बाळाजी विश्वनाथांनी लढाई न करता काय मिळवलं?
४. आज शिडाच्या होडीने कंटेनर जहाजाला वाट का द्यायची?
५. खांदेरीवरच्या दीपगृहाचा उपयोग कोणाला होतो?

कान्होजींना नुसतं शूर म्हणून मुलांसमोर उभं केलं तर ते पुतळ्यात अडकून राहतात. ते पाणी, वारा आणि समोरच्या जहाजाच्या मर्यादा ओळखत होते, हे सांगितलं तर मुलं त्यांच्याकडून काहीतरी शिकून घेतात. उद्या यातलं एखादं मूल मर्चंट नेव्हीत जाईल, एखादं बंदरावर कामाला लागेल, आणि बाकीची कधीतरी गेटवेवरून लाँचमध्ये बसतील. सगळ्यांनाच हा धडा लागणार आहे.

तुमच्या वर्गात मैदानावरचा खेळ घेतलात तर कसा झाला ते जरूर कळवा. पुढच्या लेखात भेटूच.